यंत्र माळ्यावर, प्राण कंठाशी

काटकसरीचं कौतुक आपल्याकडे नेहमी चुकीच्या माणसांच्या वाट्याला येतं. कोणी गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवतो, कोणी पोराचं लग्न नोंदणी पद्धतीनं उरकून उरलेले पैसे शाळेला देतो, कोणी पन्नाशीतही सायकलनं कामावर जातो. रविवारच्या पुरवणीत यांचे हसतमुख फोटो येतात. पण जो माणूस रात्रीमागून रात्री स्वतःचा श्वासच वाचवतो, त्याच्याकडे ना पुरवणीचं लक्ष ना अर्थखात्याचं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

स्लीप ॲप्निया हे या बचतीचं वैद्यकीय नाव. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट बुजते. छाती हलत राहते, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागला की मेंदू दचकतो, झोपलेल्याला अर्धवट जागं करतो, एक मोठा हिसका बसतो, वाट मोकळी होते आणि माणूस पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. शेजारी झोपलेल्याला सगळं आठवतं. हा खंड निदान 10 सेकंदांचा असेल तरच मोजतात. तासाला असे 5 ते 15 भरले तर आजार सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2023 मध्ये आधीच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून अंदाज मांडला, की भारतात कामाच्या वयातल्या सुमारे 10 कोटी 40 लाख लोकांना हा आजार असावा. म्हणजे 2011 च्या जनगणनेतला महाराष्ट्र, थोडे कमी. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालंय याचा पत्ताच नाही, त्यामुळे त्यांची बचत अजाणतेपणी होते आणि तिला फारसं मोल देता येत नाही. खरा मान जाणूनबुजून बचत करणाऱ्यांचा. ज्यांचं निदान झालं, घरात यंत्र आलं, काही महिने ते वापरून बरंही वाटलं, आणि मग ज्यांनी ते नीट पिशवीत घालून माळ्यावर टाकलं, अशांचा.

आमचे दाजी या पंथातले. भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतात. 2019 मध्ये ताईच्या हट्टापायी त्यांनी डोक्याला, छातीला, पायाला वायरी आणि बोटाला चिमटा लावून दवाखान्यात एक रात्र काढली. आकडा निघाला तासाला 42. दाजी हिशेबाचे पक्के. त्यांनी तिथल्या तिथे मांडलं: तासाला 42 खंड, प्रत्येकी 10 सेकंद, म्हणजे तासाला सात मिनिटं. सात तासांच्या झोपेत एकोणपन्नास मिनिटं. वर्षाकाठी साधारण बारा दिवस श्वासाचा खर्चच नाही. (यात श्वास पूर्ण थांबतो तेही आणि अर्धवट घुसमटतो तेही धरतात, त्यामुळे हिशेब काटेकोर नाही. पण रात्री दोन वाजता ऑडिट करायला कोण बसलंय?) बारा दिवस. तेराव्याला एकच कमी.

यंत्र आलं ते पतसंस्थेच्या कर्जातून. सीपॅप म्हणतात त्याला. भाजीवाला चिकटलेली पिशवी फुंकर मारून उघडतो ना, तेवढंच काम ते रात्रभर करतं: नाकावरच्या मास्कमधून दाबानं हवा सोडायची आणि घसा मिटू द्यायचा नाही. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, 4 ते 20. दाजींचा 11 ठरला. शोध ऑस्ट्रेलियातला. कॉलिन सलिवन नावाच्या सिडनीच्या डॉक्टरांनी 1980 मध्ये व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि तिची हवा एका रुग्णाच्या नाकात सोडली. मास्क चेहऱ्यावर चक्क चिकटवलेला होता. 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकीकत छापून आली. त्याआधी तीव्र आजाराला खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडायचं. ही कथा डॉक्टरांनी दाजींना उत्साहानं सांगितली, रुग्णाला यंत्राबद्दल आपुलकी वाटावी म्हणून. दाजींना आपुलकी वाटली, पण व्हॅक्यूम क्लीनरबद्दल. तोही आमच्या ताईकडे आहे, माळ्यावरच. ‘मग हे चाळीस हजार कशाला घातले?’ असं ते परतीच्या रिक्षात विचारत होते.

पुढे 2020 चा मार्च आला, पगार कापले गेले, आणि सीपॅपमुळे खोलीत विषाणू उडू शकतात असं कुठंसं वाचनात आलं. हा धोका बाधा झालेल्या माणसाबाबत सांगितला होता, दाजींना तर साधी सर्दीही नव्हती. पण काळजी घेणाऱ्यानं असं बारकाईनं वाचायचं नसतं. यंत्र समोरच्या काकांच्या शिडीनं माळ्यावर चढलं आणि गणपतीचं मखर व जुनी कुकरची रिंग यांच्यामध्ये स्थिरावलं.

आता गेल्या वर्षी दाजींची रक्तदाबाची एक गोळी होती तिच्या तीन झाल्या. सकाळी डोकं दुखायचं. रात्री तीन-चारदा लघवीला उठायला लागायचं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ते यंत्र काढा पुन्हा.’ औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबामागे हा आजार पुष्कळदा असतो, आणि रात्रीच्या त्या फेऱ्याही त्याचंच देणं असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. दाजींना पटलं नाही. चारदा उठणं म्हणजे घराची चारदा राखण. सोसायटीचा वॉचमन तेवढंही उठत नाही आणि त्याला पगार द्यावा लागतो.

तरी ताईनं डीलरला फोन केला. शिडी अजून लागली नव्हती, म्हणून भाचीनं स्टुलावर चढून मोबाइलनं फोटो काढले आणि पाठवले. डीलर भला माणूस निघाला. यंत्र नवं घेऊ नका म्हणाला, आणून द्या, मोटर तपासून देतो. मास्कचं कुशन कडक झालंय, ते बदला, फिल्टर बदला, नळीला चीर आहे, नवी घ्या. सगळं मिळून चार-साडेचार हजार. मधल्या काळात वजन वाढलंय, तेव्हा दाब तोच ठेवायचा का ते डॉक्टरांना विचारून घ्या. फारच तर घरच्या घरी होणारी छोटी तपासणी करा, पुन्हा दवाखान्यात रात्र काढायची गरज नाही. आणि एवढंही आत्ता जमत नसेल तर महिना-दोन महिने भाड्यानं मशीन मिळतं, वापरून बघा.

दाजी हे सगळं स्पीकरवर ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, ‘साडेचार हजार रुपये? श्वासाला?’

मुलीची इंजिनीअरिंगची फी, फ्लॅटचा हप्ता, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि मोबाइलचा हप्ता वेगळा (तो फोन बावीस हजारांचा, पण हप्त्यानं घेतलेली वस्तू महाग नसते). अशा घरात साडेचार हजारांचा एकरकमी खर्च हा उद्दामपणाच. काटकसर करायची तर सुट्ट्या पैशांत करावी. त्याप्रमाणे दाजींनी सुरुवात केली. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या आल्या. हनुवटी बांधायचा पट्टा आला. तो लावून झोपलेले दाजी पाहून त्यांच्या आईनं एकदा किंकाळी फोडली, कारण हनुवटी बांधलेला माणूस तिनं आजवर एकाच प्रसंगी पाहिला होता. करंगळीत घालायची घोरणं थांबवणारी अंगठी आली. गायीच्या तुपाचं नस्य आलं, आणि ते तूप देशी गायीचंच हवं म्हणून ते साध्या तुपाच्या तिप्पट भावानं आलं. लाटेसारखा आकार असलेली उशी आली. ओठांवर लावून तोंड बंद ठेवणारी टेपही आली. ज्याचा घसा आधीच मिटतो त्याचं तोंडही मिटवून टाकायचं, यातला तर्क मला पूर्ण समजला आहे असं मी म्हणणार नाही, पण सर्व दारं बंद ठेवली की घरातलं काही बाहेर जात नाही हे खरंच आहे. ताई किराण्याच्या वहीत मागच्या पानावर हे सगळं लिहीत होती. बेरीज अकरा हजारांच्या पुढे गेली तेव्हा दाजींनी तिला ठणकावून सांगितलं की यात एकही खर्च हजाराच्या वर नाही.

फुकटचे उपाय त्यांनी सन्मानपूर्वक दूर ठेवले. पाठीवर न झोपता कुशीवर झोपल्यानं बऱ्याच जणांचा त्रास घटतो. त्यासाठी गंजिफ्रॉकच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालण्याची युक्ती जगभर चालते. चेंडू घरात होता. पण ज्या उपायाला पावती नाही तो दाजींना उपाय वाटत नाही. वजन दहा टक्के उतरवलं तर तो तासाचा आकडा साधारण पाव हिश्श्यानं उतरतो असं एका मोठ्या पाहणीत दिसलं आहे. त्यांनी चौकशी केली ती मात्र इंजेक्शनची. टिर्झेपटाइड. अमेरिकेत लठ्ठ रुग्णांच्या ॲप्नियासाठी त्याला डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे ते मार्च 2025 मध्ये मधुमेह आणि लठ्ठपणासाठी आलं, सुरुवातीची कुपी 3,500 रुपयांना, आठवड्याला एक. महिन्याला चौदा हजार. हे ऐकून दाजींना फार समाधान झालं. इतकं महाग काही आपण घेत नाही, म्हणजे आज चौदा हजार वाचले. त्या आनंदात त्या संध्याकाळी सगळ्यांना भेळ.

मग शंख आला.

याची हकीकत लांबवायला हवी, कारण या सगळ्या प्रकरणात शास्त्र आणि संस्कृती एकत्र आली ती इथेच. डिजरीडू नावाचं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब लाकडी वाद्य नियमित वाजवल्यानं घशाचे स्नायू बळकट होतात आणि आजार थोडा हटतो, असं स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं होतं, त्याला 2017 मध्ये इग्नोबेल मिळालं, शांततेचं. 2025 मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी तोच विचार आपल्या शंखावर करून पाहिला. मध्यम आजाराचे तीस रुग्ण; त्यांतल्या सोळांना शंख, बाकीच्यांना दीर्घ श्वसन. आठवड्यातून निदान पाच दिवस, पंधरा मिनिटं, सहा महिने. शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग सुमारे एक तृतीयांशानं कमी झाली आणि तासाचा आकडा सरासरी 4 ते 5 नं उतरला. अभ्यास प्रामाणिक आणि छोटा. मोठा करून पाहायला हवा असं त्यांनीच म्हटलं.

दाजींनी पंढरपूरहून शंख मागवला. 42 मधून 5 गेले तर 37 उरतात, आणि 37 म्हणजे तीव्रच, हे मी कागदावर वजाबाकी करून दाखवलं. ते म्हणाले, ‘अरे, तू फार निगेटिव्ह बघतोस.’ पहाटे साडेपाचला गॅलरीत उभं राहून त्यांनी फुंकायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात नुसती फुर्र अशी हवा यायची. नंतर आवाज लागला. तो लागला त्या सकाळी समोरच्या काकांना वाटलं कोणाकडे काही झालं, आणि ते टॉवेल गुंडाळून जिन्यात आले. म्हणजे आता सोसायटीत रात्री घोरणं आणि पहाटे शंखनाद असा अखंड कार्यक्रम होता. कुंभकर्णाला उठवायला राक्षसांनी शंख वाजवले होते. इथे एकच माणूस दोन्ही कामं पाहत होता, आणि मनुष्यबळातली ही बचत मला फार मोलाची वाटते.

कोणीतरी सेकंडहँड यंत्रांची जाहिरात पाठवली. दाजींचं स्वतःचं यंत्र माळ्यावर चालू अवस्थेत असताना दुसऱ्याचं जुनं यंत्र विकत घेण्याचा विचार करणं, हे ज्याला आतलं गणित कळत नाही त्याला विचित्र वाटेल. पण माळ्यावरच्याला साडेचार हजारांचा खर्च होता, आणि हे पूर्ण यंत्र नऊ हजारांना, म्हणजे नव्याच्या निम्म्याच्याही खाली. नाव पाहिलं तर जून 2021 मध्ये फिलिप्सनं जगभरातून लाखोंनी परत बोलावलेल्या यंत्रांपैकी एक. आवाज दाबायला आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासातून जाऊ शकतात, म्हणून ती माघारी घेतली होती. ओझोननं यंत्र साफ करणाऱ्यांच्या बाबतीत तो फोम आणखी लवकर झिजतो. विकणाऱ्यानं अभिमानानं सांगितलं की तो दर आठवड्याला ओझोननं साफ करायचा. दाजी म्हणाले, ‘कंपनी स्वतः परत मागतेय, म्हणजे मालात दम असणार.’ सौदा फिसकटला तो कुरियरच्या चारशे रुपयांवरून. अशा रीतीनं काटकसरीनं त्यांचा जीव एकदा वाचवलाही, हे तिच्या विरोधकांनी लक्षात ठेवावं.

विम्याचं कामकाज पाहिल्यावर तर मला दाजींच्या धोरणामागची खोली कळली. मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसींत घरी वापरायचं यंत्र, मास्क, नळी बसत नाही. अर्ज केला तर नम्र भाषेत नकार येतो. पण याच आजारापायी उद्या हृदयाचे ठोके बिघडले, पक्षाघात झाला, आयसीयूत आठ दिवस काढावे लागले, तर कार्ड दाखवा आणि कॅशलेस. मग साडेचार हजार खिशातून घालून तीन-चार लाखांचा हक्काचा लाभ घालवणारा माणूस शहाणा कसा म्हणायचा? केंद्र सरकारच्या नोकरांना आरोग्य योजनेतून सीपॅपचे पैसे मिळण्याची सोय आहे. बिचाऱ्यांना अशी मोठी संधी क्वचितच येत असेल.

विजेच्या बिलाचाही मुद्दा दाजींनी काढला. पाणी तापवणारा ह्युमिडिफायर बंद ठेवला तर यंत्र फार तर 30-40 वॉट घेतं, जुन्या छताच्या पंख्याच्या निम्मं. आठ तासांत एक तृतीयांश युनिटही जेमतेम. रात्रीला तीन रुपये धरा. दाजी कटिंग चहा दिवसाला पाच पितात, कारण पेंग येते, आणि तो बारा रुपयांना एक. हे दोन आकडे शेजारी ठेवायला मी धजलो नाही. माणसाच्या श्रद्धांना हात लावू नये.

शास्त्राचा आधार मात्र त्यांना हवा होता आणि तो भाचीच्याच लॅपटॉपवर सापडला. ‘सेव्ह’ नावाचा मोठा प्रयोग, 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला. हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच होऊन गेलेले 2,717 रुग्ण, जवळपास पावणेचार वर्षं. आणि निष्कर्ष असा की सीपॅप दिलेल्यांत पुढचे झटके काही कमी झाले नाहीत. दाजींनी हे वाक्य लाल पेननं वहीत उतरवून घेतलं. त्याच निबंधात पुढे असंही आहे की त्या लोकांनी यंत्र रात्रीला सरासरी 3.3 तासच वापरलं, आणि तेवढ्यानंही त्यांचं घोरणं नि दिवसाची पेंग घटली, मन सुधारलं, कामावरच्या गैरहजेऱ्या कमी झाल्या. भाचीनं ते वाचायला सुरुवात केली तेव्हा दाजींचा डोळा लागला होता.

डोळा लागणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग, आणि त्याचे लाभ मोजावे तेवढे थोडे. वैद्यकाच्या इतिहासात याला मान आहे. 1956 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका गलेलठ्ठ, सदा पेंगणाऱ्या व्यावसायिकाची हकीकत लिहिली. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या उभ्या उभ्या झोपणाऱ्या पोरावरून त्या अवस्थेला नाव दिलं. हा गृहस्थ दवाखान्यात दाखल झाला तो पत्त्यांमुळे. पोकर खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि तेवढ्यात त्याला झोप लागली. डाव गेला. आपण म्हणू, बिचारा. पण पत्त्याच्या अड्ड्यावर झोपणारा माणूस कर्जबाजारी होत नाही, हेही तितकंच खरं.

दाजी कारखान्याच्या सोमवारच्या मीटिंगला मान डोलावत बसतात. साहेबांनी काहीही मांडलं की दाजींची मान खाली जाते, वर येते. त्यांच्याइतका सहमत माणूस साहेबांना वीस वर्षांत भेटला नाही, असं साहेबांनी वार्षिक समारंभात जाहीर सांगितलं. स्टोअरच्या रजिस्टरवर त्यांची सही अलीकडे रेघेवरून सुरू होते आणि पानाच्या कोपऱ्यात उतरते. बेअरिंगचे तीनशे नग आले की तीनशे तीस, यावरून वाद झालेला नाही, कारण दोन्ही आकडे त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत. घरी येताना पुणे-नाशिक रस्त्यावर सिग्नलला ॲक्टिव्हा उभी असते आणि पाय जमिनीवर टेकलेले असतात, तेव्हा त्यांना सर्वांत गाढ झोप लागते. मागच्यांनी हॉर्न वाजवला की जाग येते. एकदा हॉर्न कोणी वाजवला नाही, कारण मागे कोणी नव्हतंच आणि गाडीही थांबलेली नव्हती. दुभाजकाला घासून गेली, गुडघ्याला सहा टाके पडले. न उपचारलेल्या ॲप्नियात वाहन अपघाताचा धोका सुमारे दुपटीचा किंवा त्याहून जास्त असतो, असं डॉक्टर टाके घालताना म्हणाले. टाक्यांचे पैसे कारखान्याच्या विम्यातून मिळाले.

ताईबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात, नाहीतर लेख एकांगी होईल. रात्री घोरणं थांबलं की बाकीचं घर सुटकेचा श्वास टाकतं. ती उठून बसते आणि मोजायला लागते. अकरा, बारा, तेरा. वीसच्या पुढे गेलं की खांदा हलवते. तिला कामावर जायचं नसतं, म्हणजे दिवसा झोपता येईल, असा दाजींचा अंदाज आहे. दिवसा ती धुणीभांडी, स्वयंपाक आणि सासूच्या डोळ्यांत तासातासाला घालायचे थेंब पाहते.

खंडेनवमीला मात्र यंत्र खाली आलं. पुजायला. हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. दाजींची त्यावर निष्ठा मोठी, स्टोअरमधला तराजूसुद्धा ते धुऊन घेतात. घरातली सगळी यंत्रं काढायची ठरली. समोरच्या काकांची शिडी आली. व्हॅक्यूम क्लीनर, शिवणयंत्र, मिक्सर आणि सीपॅप पाटावर ओळीनं मांडले. सीपॅपच्या पट्ट्यांचं वेल्क्रो धरेनासं झालं होतं, तिथे ताईनं परकराची नाडी शिवून दिली. नळीच्या चिरेवर दाजींनी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. फिल्टरच्या जागी त्यांना भांडी घासायच्या स्पंजाचा हिरवा नसलेला भाग बसवायचा होता. तो कापून मापातही आला होता. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, पेढा. फूल नेमकं हवा आत घेण्याच्या जाळीवर ठेवलं. भाचीनं ‘बाबा, निदान सुरू तरी करून बघा’ म्हटलं आणि प्लग लावला. पडदा उजळला, मोटर आवाज न करता फिरली, फूल जाळीला घट्ट चिकटून बसलं.

पुढचं मला दुःखानं लिहावं लागतंय. पोरीनं कॉलेजच्या स्पर्धेत मिळालेल्या पैशांतून कुशन, फिल्टर आणि नळी परस्पर मागवली होती. डॉक्टरांना विचारून दाबही तिनंच तपासून घेतला, आणि सुरुवातीला कमी ठेवून हळूहळू वाढवण्याची सोय यंत्रात असते ती लावून दिली. पैसे खर्च झालेलेच आहेत, वस्तू वापरली नाही तर ते वाया जातील, या एकाच युक्तिवादापुढे दाजींचं काही चालत नाही. त्या रात्री ते मास्क लावून झोपले. पहिल्या रात्री दोनदा काढून फेकला. नाकाच्या वर लाल वळ उठला. तिसऱ्या-चौथ्या रात्री मात्र सकाळपर्यंत राहिला.

नुकसान लगेच दिसायला लागलं. सकाळी डोकं दुखलं नाही, त्यामुळे कामावर जायला उशीर करण्याचं कारण गेलं. सोमवारच्या मीटिंगला दाजी टक्क जागे होते. त्यांनी साहेबांचं म्हणणं प्रथमच संपूर्ण ऐकलं आणि हात वर करून म्हणाले की हे जमणार नाही. साहेब अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत. रजिस्टर उघडल्यावर बेअरिंगचा घोळ त्यांच्याच नजरेला पडला आणि तीन महिन्यांचा साठा पुन्हा मोजायचं काम अंगावर आलं. घरी ताईची झोप पुरी झाली. तिनं किराण्याची वही काढली, मागचं पान उलगडलं आणि दाजींसमोर ठेवून म्हणाली, ‘अहो, हे जरा बघता का?’ अकरा हजार तीनशे. अंगठी कुठे आहे, हेही तिनं विचारलं. शंखावर आता उदबत्तीची राख पडते. चहा पाचावरून दोनावर आला, तर टपरीवाल्यानं काही बिनसलंय का म्हणून चौकशी केली.

एवढं सगळं एका आठवड्यात. दाजींनी परवा मला बोलावून घेतलं, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, ‘अरे, हे परवडत नाही.’ यंत्र परत वर ठेवायचं ठरलं. शिडीसाठी मी समोर गेलो. काका दारातच उभे होते, चेहरा ताजातवाना, दाढी केलेली.

‘शिडी?’ ते म्हणाले. ‘मोडली.’

त्यांच्या मागे पॅसेजमध्ये ती भिंतीला टेकून उभी होती, चांगली दहा पायऱ्यांची. काकांनी माझी नजर पाहिली आणि दार थोडं पुढे ओढलं.